शिळ्या पावाचा मे महिना

लेखणी हाती घेण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. तेहतीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले. इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणे, ती परत आली नाहीत तर अदबीने स्मरणपत्र पाठवणे आणि भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीवरची धूळ पुसणे, एवढाच साहित्याशी माझा संबंध. त्या पाटीची आज्ञा काटेकोरपणे पाळणारा त्या इमारतीत बहुधा मी एकटाच होतो. अशा माणसाने वयाच्या बासष्टाव्या वर्षी लिहायला बसावे हा आगाऊपणा आहे. आणि बसल्यावर विषय निवडावा तो टोमॅटोचा, हा त्याहून मोठा आगाऊपणा. पहिल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. दुसऱ्याबद्दल नाही केली तरी माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षी माझी पत्नी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. यंदा एप्रिल संपता संपता एका सकाळी चहा गाळताना तिने सांगितले, “मी पोहायला शिकणार आहे. मे महिन्यात बायकांची बॅच आहे, साडेपाच ते साडेसहा. जाणं-येणं धरून पाच ते सात.”

“छान,” मी म्हणालो. सुशिक्षित नवऱ्याला याहून कमी शब्दांत सुटता येत नाही.

“छान ते आहेच. संध्याकाळचं जेवण कोण करणार, ते बोला.”

हा प्रश्न साधा नव्हता. आमच्या घरी माझे वडील आहेत. त्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वय शहाऐंशी, हाडे तालमीतली, ऐकू थोडे कमी येते. संध्याकाळी सातच्या ठोक्याला ते ताटावर बसतात. ताट आले नाही तर रागावत नाहीत. नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहतात. त्या पाहण्यापुढे आमच्या घरात आजवर कोणाचे काही चाललेले नाही. शिवाय आमचे स्वयंपाकघर पत्र्याखाली आहे. मे महिन्यात दुपारी चार वाजता तिथे शेगडी पेटवून उभे राहायचे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते, कारण लग्नाच्या एकतीस वर्षांत मी त्या वेळी तिथे कधी उभा राहिलो नव्हतो.

“संध्याकाळचे माझ्याकडे,” मी म्हणालो. माझ्या तोंडून इतके शूर वाक्य पूर्वी निघाल्याचे स्मरत नाही. मला फक्त चहा करता येत होता.

ग्रंथालयातून रद्द ठरलेल्या पुस्तकांपैकी काही मी रीतसर परवानगीने घरी आणली होती. त्यांतल्या एका प्रवासवर्णनात इटलीतील खेडुतांच्या उन्हाळी जेवणाची दोन पाने होती. शिळा पाव, पिकलेले टोमॅटो, काकडी, कांदा, तेल, मीठ आणि आंबट काहीतरी. चुलीचा संबंध नाही. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याच्यासाठी याहून सोयीची पाकक्रिया जगाने अद्याप शोधलेली नसावी. मी ती दोन पाने एका वहीत उतरवून घेतली. पुस्तकातली पाने स्वयंपाकघरात नेणे मला पटेना.

अडचण पहिल्या दिवशी बेकरीतच सुरू झाली. कोल्हापुरात ब्रेड मिळतो तो मिसळीच्या कटात बुडवण्यासाठी, आणि तो ताजा असावा यासाठी माणसे बेकरीवाल्याशी भांडतात. मी सर्वांत मागे उभा राहिलो, गर्दी ओसरू दिली आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, “कालचा ब्रेड मिळेल का?”

“आत्ता भट्टीतनं काढलाय बगा सर, हात लावून बगा.”

“नको. कालचाच हवा. परवाचा असला तर उत्तम.”

बेकरीवाल्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग आत तोंड करून पूर्ण गळ्याने ओरडला, “ए, शिळा पाव हाय काय रं? सरांनी कुत्रं पाळलंय!”

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता. दुसऱ्या दिवसापासून तो कुत्र्याची चौकशी करू लागला आणि मीही, बरे आहे, असे सांगू लागलो.

पहिल्या प्रयोगात मी शिळ्या पावाबरोबर ताजाही मिसळला होता, मनाची लाज म्हणून. त्याचा लगदा झाला. आण्णांनी एक घास घेतला आणि विचारले, “ह्ये कुनी आधी खाल्लंय व्हय?” तिसऱ्या दिवशी मात्र मला त्या पदार्थाची शिस्त कळली. पावाचे तुकडे हाताने मोडून दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवायचे. आमचे ऊन ते काम तव्यापेक्षा चांगले करते. टोमॅटो जाड सालीचे चालत नाहीत. बाजारात एक म्हातारी बाई गावठी, पातळ सालीचे, वेडेवाकडे टोमॅटो घेऊन बसते, ते आणायचे. ते चिरून, मीठ लावून अर्धा तास तसेच ठेवायचे, म्हणजे ते आपले सगळे पाणी स्वतःहून सोडतात. कांदा पातळ चिरून गार पाण्यात बुडवायचा. काकडी, कोथिंबीर, थोडा पुदिना, लिंबू आणि घाण्यावरचे शेंगतेल, कच्चे. मग वाळलेला पाव त्या टोमॅटोच्या पाण्यात घालून हलक्या हाताने वरखाली करायचा आणि पुन्हा वाट पाहायची. या पदार्थात करण्यापेक्षा वाट पाहणेच अधिक आहे. त्यासाठी लागणारी पात्रता माझ्या अंगी होती.

“टोमॅटोची कोशिंबीर,” पत्नी खाऊन म्हणाली. “आणि तिच्यात पडलेला पाव.” मग तिने पुन्हा वाढून घेतले. ती दमून आलेली असे, केस ओले असत आणि डोळ्यांत क्लोरीनचा लालसरपणा. ती आता पाण्यावर तरंगू शकत होती. “पाठीवर पडलं की कानात पाणी जातं आणि एकदम सगळं गप्प होतं,” असे तिने मला सांगितले. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी खोल बाजूला पहिली उडी होती. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीने सांगावे तसे तिने तेही सांगितले.

आता एक गोष्ट लिहिणे भाग आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो. तिने पोहायला जावे याला माझी ना नव्हती. माझी एवढीच विनंती होती की गल्लीत कोणाला कळू नये. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोहण्याचा पोशाख, लोक काय म्हणतील. यांतले एकही वाक्य मी उच्चारले नव्हते. मी फक्त सुचवले होते की तिने मागच्या बोळातून जावे, आणि पिशवी भाजीची न्यावी.

“लाज तुमची आहे,” ती हसून म्हणाली होती, “पण पिशवी मीच उचलते. चालेल.”

दुसरा आठवडा अर्धा सरला असेल. संध्याकाळचे सात वाजत आले होते. पत्नी नुकतीच मागच्या दाराने आली होती आणि मी परातीत पाव वरखाली करत होतो. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. आण्णा दाराजवळच्या खुर्चीत होते. उन्हाच्या तडाख्यामुळे चार-पाच दिवस ते कट्ट्यावर गेले नव्हते. त्यांनीच उठून दार उघडले.

दारात शेजारच्या काकू होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी आहे. सकाळपासून पाचपर्यंत त्या गिरणीत असतात, नंतर घरी; आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या स्वयंपाकघरासमोर उघडते. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता, हातात कापडात बांधलेला डबा होता आणि मागे गल्लीतल्या आणखी दोघीजणी मान खाली घालून उभ्या होत्या. काकूंनी वर पाहिले आणि त्यांचे तोंड उघडेच राहिले.

“आण्णा,” त्या म्हणाल्या, “तुमी हाय?”

“मी न्हाई तर कोन? डब्यात काय हाय?”

“पिठलं-भाकरी.”

“गरम?”

“व्हय.”

“मग आत ये की. दारात का हुबी?”

ज्या घरातले माणूस जाते त्या घरात चूल पेटत नाही, आणि शेजारपाजारचे लोक न बोलावता पिठलं-भाकरी घेऊन येतात, हा आमच्याकडचा रिवाज वाचकांना ठाऊक असेलच. परात हातात घेऊन मी बाहेर आलो तेव्हा मला तो आठवला.

“सर,” काकूंनी आवाज खाली आणला, “मग घरात गेलंय कोन?”

“कोणीही नाही.”

“कोन न्हाई? आन् मग आठ-धा दिस तिन्हीसांजंला तुमच्या कुकरची एक शिट्टी न्हाई. फोडणीचा वास न्हाई. जोंधळ्याचा डबा गिरणीला आला न्हाई. तुमी दाढी केल्याली न्हाई. आण्णा कट्ट्यावर न्हाईत. आन् वैनी रोज दिवेलागणीला केस वले करून मागच्या दारानं घरात येत्यात. मानसानं काय समजायचं?”

निवृत्तीनंतर दाढी न करणे ही माझी एकमेव चैन होती. मी ती या हिशेबात धरली नव्हती.

“पण आण्णा गेले असते,” मी म्हणालो, “तर मी तुम्हांला सांगितले नसते का?”

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. “खरं सांगू? न्हाई,” काकू म्हणाल्या. “आमाला वाटलं, सरांनी दवाखान्यातनं परस्पर उरकलं. तुमी कुनाला तरास देणार न्हाईसा.”

माझ्या स्वभावाचे इतके नेमके वर्णन मी कोणत्याही गोपनीय अहवालात वाचले नव्हते.

“मग चूल का न्हाई पेटली?”

उत्तर एका वाक्याचे होते. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात, खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. तिच्या केसांतून पाणी फरशीवर ठिबकत होते. ती माझ्याकडे पाहत होती. सांगा, असे काही ती म्हणाली नाही.

“सिलिंडर संपलाय,” मी म्हणालो.

“आन् केस?”

“उन्हाळा आहे ना. दोनदा अंघोळ.”

“एवढंच व्हय!” काकूंनी पदर खाली घेतला आणि त्या मोकळेपणी हसल्या. “आवो, मग सांगायचं की!” आण्णांनी त्या संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या, आणि परातीकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकू आपला भरलेला जादा सिलिंडर बुडाच्या काठावर तिरका करून, घरंगळवत, खणखणाट करत आमच्या दारात घेऊन आल्या. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून कोणीतरी पाहत होते. संध्याकाळी गॅस न पेटणाऱ्या आमच्या घरात आता तीन भरलेले सिलिंडर झाले.

संध्याकाळी पाच वाजता मी गच्चीवरून वाळलेला पाव घेऊन खाली आलो, तर पत्नी शेगडीपुढे उभी होती. कणीक मळून झाली होती. कुकर वर चढला होता.

“बॅच?” मी विचारले.

“सिलिंडर आलाय ना. आता चूल न पेटवायला कारण काय सांगणार? कुकरची शिट्टी झाली पाहिजे, लोकांना काळजी वाटते.” तिने ज्वाला मोठी केली. “आणि मला आता चोरून जायचा कंटाळा आला. पहिल्यांदा गंमत वाटली होती. काल तुम्ही बोललात तेव्हा नाही वाटली.”

“मी तुला जाऊ नको असे कुठे...”

“तसं म्हणाला नाहीत. तुम्ही कधीच नाही म्हणत.”

ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. भाजीची पिशवी खुंटीवर होती, तिच्यात खरोखरच भाजी ठेवलेली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की समोरच्या खिडकीतून काकू समाधानाने मान हलवत. आण्णा आमटी भुरकत आणि, सिलिंडर लई चांगला आला, असे म्हणत. मी जेवत असे. ज्या ज्ञानाच्या बळावर मी तेहतीस वर्षे इतरांना हवे ते पुस्तक अचूक काढून दिले, त्यातले काहीही मला उपयोगी पडत नव्हते. शनिवार दोन दिवसांवर आला होता. खोल पाण्याची पहिली उडी चुकली की पुढची बॅच पुढच्या मे महिन्यात. आणि पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा विचारणार नाही, हे मला कळत होते.

शुक्रवारी मी दोन ब्रेड आणले. बेकरीवाल्याने विचारले, “कुत्रं लई खायाला लागलं?” मी म्हणालो, “कुत्रे नाही. आम्हीच खातो.” त्याने सुटे पैसे देताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही.

पाच वाजता पत्नी स्वयंपाकघरात आली आणि तिने शेगडीचे बटण फिरवले. काही पेटले नाही. मी रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला होता.

“हे काय?” ती म्हणाली.

“पाच मिनिटे थांब,” मी म्हणालो, आणि ती भली मोठी परात दोन्ही हातांनी उचलून पुढच्या दाराने बाहेर पडलो.

कट्ट्यावर काकू होत्या, त्या दोघी होत्या, आणि आण्णाही होते. ऊन उतरले होते. मी परात मधोमध ठेवली. ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवात मला दोन मिनिटे बोलायला सांगितले होते, तेव्हा मी रजेवर गेलो होतो. इथे रजा मिळण्यासारखी नव्हती.

“सिलिंडर संपला नव्हता,” मी म्हणालो. “माझी पत्नी संध्याकाळी पोहायला जाते. त्यामुळे तिचे केस ओले असतात. संध्याकाळचे जेवण माझ्याकडे आहे आणि मला स्वयंपाक येत नाही, म्हणून मी न शिजवता हे करतो. मी खोटे बोललो. मला लाज वाटत होती.”

मग काकू म्हणाल्या, “पव्हायला? एवढंच?”

“एवढंच.”

“अवो सर, माझं म्हायेर उचगाव. धा वर्साची असल्यापास्नं मी हिरीत उडी मारत हुतो. लुगड्याचा काचा मारायचा आन् वरनं धाडदिशी. पोरं काठावर हुबी राहून बगायची, त्यांची टाप व्हती काय उडी मारायची! लगीन झालं आन् न्हाई गेलो, ते वायलं. ह्येच्यात लाज कसली?”

आण्णांना एवढ्यात ऐकू आले असावे. “कोन पव्हतंय?” त्यांनी विचारले.

“तुमची सून!” काकू त्यांच्या कानात ओरडल्या. आता ते गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही कळले.

“मग पव्हू दे की,” आण्णा म्हणाले. “पर मला ह्यो गारढोण पाव का घालतोय?”

काकूंनी परातीतून एक घास उचलला आणि विचार करत चावला. “ह्येला फोडणी न्हाई?”

“नाही.”

“चुलीवर कायच चढलं न्हाई?”

“काहीच नाही.”

“आन् पाव शिळा?”

“मुद्दाम शिळा. ताज्याचा लगदा होतो.”

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “सर,” त्या शेवटी म्हणाल्या, “पव्हायला जानं लपवायचं न्हवतं. ह्ये लपवायचं हुतं.”

मी मागे वळलो तेव्हा पत्नी पुढच्या दारात उभी होती. तिच्या हातात पिशवी होती. भाजी काढून ठेवलेली. ती कट्ट्यासमोरून, गल्लीच्या मधोमध चालत गेली. काकूंनी तिला हाक मारून विचारले, “वैनी, पानी किती खोल हाय वो?” ती न थांबता म्हणाली, “उद्या सांगते.”

शनिवारी पोहण्याच्या तलावाच्या जाळीबाहेरून उडी पाहता येणार होती. काकूंनी गिरणी तासभर आधी बंद केली. आण्णांनी स्वच्छ धोतर नेसले, टोपी घातली आणि रिक्षा बोलवा म्हणाले. मीही निघालो होतो. चप्पल पायात घातली होती. तेवढ्यात आण्णा रिक्षातून वाकून म्हणाले, “तू कुटं? सातला येतोय आमी. जेवान?”

मी चप्पल काढली.

साडेपाच वाजता मी टोमॅटोला मीठ लावले. सहा वाजता कांदा गार पाण्यात घातला. त्या वेळी ती कठड्यावर चढत असेल असा माझा अंदाज होता. नंतर कळले की तेव्हा तिची उडी होऊनही गेली होती. काकूंचा आग्रह होता म्हणून थोड्या शेंगतेलात मोहरी-जिरे तडतडवून मी परातीवर ओतले. आमच्या शेगडीने इटलीतील खेडुतांवर केलेला हा एवढाच अन्याय. वास बोळातून समोरच्या खिडकीत गेला, पण तिथे कोणी नव्हते. सगळी गल्ली तलावावर होती.

सात वाजता ते सगळे पुढच्या दाराने आले, एकदम बोलत. आण्णांनी दोन्ही हात वर करून खुर्चीतूनच ती उडी मला करून दाखवली. काकू म्हणाल्या, पाणी छपराएवढे उडाले. पत्नीचे केस ओले होते आणि तिने ते बांधले नव्हते.

“कशी झाली?” मी तिला विचारले.

तिने ताटातला पाव उचलला. “सांगून नाही कळायचं,” ती म्हणाली, आणि मोहरी ओळखून माझ्याकडे पाहून हसली.

ती हे रागाने म्हणाली नाही. पण मी वाढत असताना मला आठवले की आमच्या मुलाचे शाळेतले बक्षीस-समारंभ, माझा निरोपसमारंभ, रंकाळा तलावाकाठी भरलेले पुस्तक-प्रदर्शन, यांचे वर्णन आम्हीही तिला असेच ताटावर बसून, एकदम बोलत, हात वर करून करत आलो होतो. आणि ती वाढत वाढत ऐकत असे. पदार्थाची कृती लिहावी म्हणून बसलो होतो. ती वर कुठेतरी आली आहे; शोधली तर सापडेल. मला वाचकांना एकच विचारायचे होते, आणि तेवढ्यासाठी इतकी पाने घेतली, याबद्दलही क्षमा असावी.

आज संध्याकाळी तुमच्या घरी स्वयंपाक कोण करणार आहे?